अदिती अशोकच्या एरवीच्या आठवड्यांचीही बातमी हवी

संपादक महोदय,

नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ म्हटले की हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान डोळ्यांसमोर येते. तिथे रणजी करंडकाचे सामने होतात, जॉगिंग ट्रॅकवर सकाळ-संध्याकाळ माणसे चालतात. गोल्फची काठी मात्र मी इतक्या वर्षांत त्या मैदानावर कोणाच्या हाती पाहिलेली नाही. गेल्या आठवड्यात त्याच ट्रॅकवर माझ्या नातीने भारताच्या गोल्फपटूबद्दल मला विचारले, “आजोबा, अदिती अशोक आता काय करते?” आपले दैनिक रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचूनही मला तिला उत्तर देता आले नाही, ही खंत मनात धरून हे पत्र लिहीत आहे.

7 ऑगस्ट 2021 च्या पहाटे आम्ही दोघे दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. टोकियो ऑलिम्पिकमधील महिला गोल्फची शेवटची फेरी सुरू होती आणि तीन दिवसांच्या खेळानंतर अदिती एकटी दुसऱ्या स्थानावर होती. खेळाची फारशी माहिती नसलेल्या आम्हाला त्या सकाळीच आकडेमोड उमगली: जितके कमी फटके तितके चांगले. कासुमिगासेकीच्या मैदानावर एका फेरीसाठी 71 फटके अपेक्षित, म्हणजे चार फेऱ्यांचे 284. अदितीने 67, 66, 68 आणि 68 असे एकूण 269 फटके घेतले. सुवर्ण मिळवणाऱ्या अमेरिकेच्या नेली कोर्डाचे 267, तर जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को यांचे प्रत्येकी 268. चार दिवसांच्या खेळात एका फटक्याने पदक हुकले. काही आठवड्यांपूर्वीच तिला कोविड होऊन गेला होता, अंगातली ताकद कमी झाल्यामुळे तिचा चेंडू इतरांच्या मानाने जवळच पडत होता, आणि ती उणीव ती ग्रीनवरच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरच्या, अचूक पुटिंगने (चेंडू हळूच खळग्यात ढकलण्याने) भरून काढत होती. तिची आई कॅडी, म्हणजे मैदानावरची मदतनीस, म्हणून खांद्यावर बॅग घेऊन तिच्यासोबत चालत होती. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक जिंकले आणि दुसऱ्या दिवशीची पाने त्याने व्यापली, हे रास्तच होते. मला प्रश्न पडतो तो त्यानंतरच्या काळाचा.

व्यावसायिक गोल्फपटूचे आयुष्य ऑलिम्पिकच्या चार दिवसांत मावत नाही, ते आठवड्यागणिक घडते. बेंगळुरूमध्ये 1998 साली जन्मलेल्या या मुलीने पाचव्या वर्षी काठी हाती घेतली आणि 2016 च्या पहिल्याच दिवशी, बारावीची परीक्षा तोंडावर असताना, ती व्यावसायिक खेळाडू झाली. त्याच वर्षी ऑलिम्पिकमध्ये 112 वर्षांनी गोल्फ परतले होते; रिओच्या स्पर्धेत वडील कॅडी होते आणि अठरा वर्षांची अदिती पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी 68 फटके घेऊनही पुढच्या दोन फेऱ्यांत घसरून संयुक्त 41 व्या क्रमांकावर राहिली. नोव्हेंबरमध्ये तिने भारतातील महिला इंडियन ओपन जिंकली आणि लेडीज युरोपियन टूरवर, म्हणजे महिला व्यावसायिकांच्या युरोपीय स्पर्धामालिकेत, विजेती ठरलेली पहिली भारतीय झाली. पुढच्या वर्षापासून ती अमेरिकेतील एलपीजीए टूर या महिला व्यावसायिकांच्या स्पर्धामालिकेत खेळू लागली.

या टूरचे अर्थकारण आपल्या वाचकांना कोणीतरी नीट समजावून सांगायला हवे. गोल्फपटूला क्रिकेटपटूसारखे सामन्याचे ठरलेले मानधन नसते. विमानभाडे, निवास, कॅडीचे पैसे हा खर्च तिला आधी करावा लागतो, आणि सामान्यतः दोन फेऱ्यांनंतर जो ‘कट’ लागतो, म्हणजे मागे पडलेल्या खेळाडूंना वगळले जाते, त्यात बाहेर पडल्यास बक्षिसाच्या रकमेतला एक पैसाही हाती येत नाही. गुरुवारी-शुक्रवारी खेळायचे, एखाद्या फटक्याने बाहेर पडायचे, सामान आवरायचे आणि पुढच्या गुरुवारी दुसऱ्या गावी पुन्हा उभे राहायचे. अशी वर्षे काढणाऱ्या खेळाडूची बातमी आपण फक्त पदकाची शक्यता दिसली की छापतो, हे मला मनापासून चुकीचे वाटते. 2023 मध्ये तिने केनिया आणि स्पेन येथील स्पर्धा जिंकल्या. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत शेवटच्या फेरीपूर्वी सात फटक्यांची आघाडी असताना तिच्याकडून 77 फटके गेले, तरीही भारताच्या महिला गोल्फचे आशियाई स्पर्धेतील पहिले पदक, रौप्यपदक, तिने मिळवले. केनियातील विजयाची बातमी मला त्या वेळी आपल्या अंकात सापडली नव्हती.

वाचकांना पदकाशिवाय रस नसतो, असे कोणी म्हणेल तर ते नाशिककरांना तरी लागू पडत नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओमध्ये नौकानयनात तेराव्या क्रमांकावर आला, तेव्हा जिल्ह्यातील माणसांनी त्याच्या त्या तेराव्या क्रमांकाची किंमत नेमकी ओळखली होती. दुष्काळी गावातल्या मुलाने वल्हे कुठे आणि कसे हाती घेतले, हे आपल्याला वर्तमानपत्रांनी सविस्तर सांगितले होते, म्हणूनच ते शक्य झाले.

माझी विनंती छोटी आहे. अदिती, आणि तिच्यासोबत टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये खेळलेली, जन्मतः श्रवणदोष असलेली दीक्षा डागर, या दोघी ज्या आठवड्यात खेळत असतील त्या आठवड्यात क्रीडा पानावर चार ओळी द्याव्यात. स्पर्धा कोणती, फेरीगणिक फटके किती, कट पार झाला की नाही, क्रमांक कितवा, एवढेच. कट चुकला असेल तर तेही छापावे. अमेरिकेतील स्पर्धा रविवारी संपते तेव्हा आपल्याकडे बहुधा सोमवारची पहाट उजाडत असते, त्यामुळे निकाल मंगळवारच्या अंकात येईल. मंगळवारी सकाळी फिरून आल्यावर आम्ही आजोबा-नात आधी क्रीडा पान उघडू.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, नाशिक