पाळकसाहेब, आपण बाबांचा उजवा हात हातात घेतलात

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

समक्ष भेटीत आपण आभार मानू देत नाही. विषय बदलून घरच्यांची विचारपूस करू लागता. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आमच्या घरी आपण जे केलेत ते आपल्या मंडळीबाहेरही, म्हणजे आपल्या चर्चच्या बाहेरही, विशेषतः आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या प्रत्येकाला, कळावे अशी माझी इच्छा आहे. बाबांना जाऊन अजून फार काळ लोटलेला नाही, आणि ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा, म्हणजे मरणातून उठलेला प्रभू स्वर्गात घेतला गेला त्या सणाचा, गुरुवार जवळ आला आहे. हा दिवस नेहमी कामाच्या वारी आणि बहुधा मे महिन्यात येतो, तेव्हा निम्मी मंडळी गावाला गेलेली असते आणि उरलेली संध्याकाळच्या लोकलमध्ये अडकलेली असते. त्यामुळे नाताळ आणि ईस्टर यांच्या मानाने या सणाच्या वाट्याला फारच थोडे येते. आमच्या घराला मात्र शेवटी आधार मिळाला तो याच सणाच्या शिकवणीचा.

बाबा नगर जिल्ह्यातून तरुणपणी मुंबईत आले आणि गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यात, लागले. तिथे यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली, पण तो हात खिशात किंवा उपरण्याखाली लपवण्याची सवय सुटली नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळीसुद्धा ते भाकर डाव्या हातात घेत. त्यावरून एका पदाधिकाऱ्याने त्यांना सगळ्यांदेखत टोकले होते. बाबांनी उत्तर दिले नाही. पुढे कितीतरी रविवार ते शेवटच्या बाकावर बसून प्रभुभोजनाआधीच घरी येत.

आजारपणात भेटीला येणाऱ्यांची कमतरता नव्हती. एका उपदेशकांनी सांगितले की बाबांचा विश्वास कमी पडतो, म्हणून गुण येत नाही. दुसऱ्यांनी उंबरठ्यावरूनच घाईने प्रार्थना केली आणि जाता जाता म्हणाले की शरीर तर मातीच आहे, ते इथेच टाकून आत्म्याने वर जायचे, प्रभूही तसाच वर गेला. ज्यांना रोज अंग पुसून द्यावे लागत होते, कूस बदलून द्यावी लागत होती, त्या माणसाला हे सांगण्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. त्या रात्री बाबांनी मला विचारले, “टाकूनच द्यायचं होतं, तर देवानं ते अंगावर घेतलं कशाला?” मला उत्तर देता आले नाही.

आपण आलात तेव्हा हाच प्रश्न त्यांनी आपल्याला विचारला. आपण पुढे केलेल्या खुर्चीवर न बसता खाटेच्या कडेवर बसलात. बाबांनी सवयीने उजवा हात चादरीखाली ओढून घेतला होता. आपण तो मागितलात, स्वतःच्या तळहातावर ठेवलात, आणि लूकच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय वाचून होईपर्यंत तो सोडला नाहीत. उठलेल्या प्रभूने शिष्यांना आपले हात आणि पाय दाखवले, त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, मग त्यांना बेथानीपर्यंत नेले आणि हात वर करून आशीर्वाद देत असतानाच तो त्यांच्यापासून वर घेतला गेला. इथे थांबून आपण म्हणालात, “दादा, ज्या हातांनी त्यानं आशीर्वाद दिला, त्यांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. त्या पुसून तो वर गेला नाही.”

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीत आपण घरी प्रभुभोजन घेऊन आलात, तेव्हा त्यांनी उजवा हात पुढे केला. आपल्याला कदाचित त्यात विशेष काही दिसले नसेल. दारात उभ्या असलेल्या माझ्या आत्याला मात्र रडू आवरेना.

आपल्या त्या एका वाक्यानंतर मी पुष्कळ वाचले, आणि जितके वाचले तितके ते वाक्य मोठे होत गेले. मंडळीने पहिल्यापासून हेच मानले आहे, की देवाच्या पुत्राने बेथलेहेमात जे मानवी शरीर धारण केले ते त्याने पुन्हा कधीच उतरवले नाही. 451 साली कॅल्सेडॉन येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांच्या परिषदेने सांगितले की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मानव आहे, आणि हे दोन्ही स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत आणि एकमेकांपासून तुटतही नाहीत. हे खरे असेल, तर विश्वासांगीकारात, म्हणजे आपल्या विश्वासाच्या जाहीर कबुलीत, आपण दर रविवारी जे म्हणतो, की तो पित्याच्या उजवीकडे बसला आहे, त्याचा अर्थ असा होतो की विश्वाच्या सर्वोच्च स्थानी आज एक मनुष्य आहे, सुताराच्या घरात वाढलेला आणि कष्ट केलेला. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे विश्वासाची शिकवण प्रश्नोत्तरांतून देणाऱ्या प्रोटेस्टंट पुस्तकात, स्वर्गारोहणाचे लाभ सांगताना म्हटले आहे की आपलेच मांस स्वर्गात असणे ही आपल्यासाठी खात्रीची हमी आहे: मस्तक म्हणजे ख्रिस्त जिथे पोहोचला, तिथे आपल्या अवयवांनाही, म्हणजे आपल्यालाही, तो नेईल. आजाऱ्याच्या खाटेशी उभे राहून शरीराला तुच्छ लेखणाऱ्याने ही हमी एकदा तरी नीट वाचावी, एवढेच मी म्हणेन.

आणि तो तिथे आहे तो कशासाठी, हे बायबलच्या नव्या करारातल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात इतके स्पष्ट आहे की आपण ते बाबांना पुन्हा पुन्हा का वाचून दाखवत होता हे मला आता समजते. जुन्या करारातला महायाजक अहरोन देवासमोर जाताना इस्राएलाच्या बारा वंशांची नावे कोरलेली रत्ने ऊरपटावर, म्हणजे हृदयापाशी, घेऊन जाई. आपला महायाजक मात्र हातांनी बांधलेल्या पवित्रस्थानात गेलेला नाही, तो प्रत्यक्ष स्वर्गात गेला आहे, आणि आपल्यासाठी मध्यस्थी करायला तो सदैव जिवंत आहे. आपल्या दुर्बलतेबद्दल त्याला सहानुभूती वाटते, कारण तहान, थकवा, वेदना आणि मित्रांनी टाकून जाणे हे सारे त्याने स्वतः सोसले आहे. “विश्वास कमी पडतो” असे ऐकून खचलेल्या माणसाला हे ऐकण्याची किती गरज होती! बाबांची प्रार्थना अर्धवट राहिली, शब्द सुचले नाहीत, औषधाच्या गुंगीत ते झोपून गेले, तरी त्यांच्यासाठी बोलणारा कोणी जागा होता.

शेवटच्या आठवड्यात आपण प्रभूसाठी दगडमार सोसून मेलेल्या स्तेफनाचा बायबलमधला उतारा वाचलात. इतर ठिकाणी प्रभू देवाच्या उजवीकडे बसलेला सांगितला आहे. पण दगडमार सुरू होण्याच्या थोडे आधी स्तेफन वर पाहतो तेव्हा तो त्याला उभा असलेला दिसतो. आपण त्यावर जास्त भाष्य केले नाहीत. बाबाच म्हणाले, “आपला माणूस आला की उठून उभं राहतातच.” मी अनेक प्रवचने ऐकली आहेत, पण या उताऱ्याचा याहून चांगला अर्थ माझ्या कानी आलेला नाही.

या निमित्ताने आणखी काही माणसांचे ऋण नोंदवते. सरकारी रुग्णालयातल्या ज्या आयाबाई बाबांच्या हाताची नखे कापून देत, आणि चाळीचे तीन जिने त्यांना खुर्चीत बसवून उतरवणारी जी शेजारची मुले होती, त्यांपैकी कोणीही आपल्या मंडळीचे नाही आणि स्वर्गारोहणाविषयी त्यांनी कधी काही ऐकलेही नसेल. तरीही माणसाच्या शरीराला हात लावताना जो मान द्यायला हवा तो त्यांनी दिला. देवाने जे शरीर आपल्या उजवीकडे बसवले, त्याच जातीच्या शरीराची ती सेवा होती असे मी मानते, आणि अशी माणसे या शहरात जिन्याजिन्यावर भेटतात म्हणूनच इथे गरिबाचे आजारपण निभावते.

पाळकसाहेब, येत्या गुरुवारी संध्याकाळच्या उपासनेला आम्ही सर्व भावंडे आपल्या मंडळीत येणार आहोत. धाकट्याची पाळी सुटायला उशीर होईल, तेव्हा पहिले गीत कदाचित चुकेल. उपासनेनंतर मात्र कृपा करून विषय बदलू नका. आत्याला आणि आम्हाला आपल्याला तोंडी धन्यवाद देऊ द्या.

आपली कृतज्ञ,
एका गिरणी कामगाराची मुलगी
भायखळा, मुंबई