बारकोडमागचा नमुना कुठे आहे?

महोदय,

डीएनए बारकोडिंगवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. ‘आता प्राणी ओळखायला तज्ज्ञ लागणार नाहीत’ हा त्यातला सूर मात्र खटकला.

२००३ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागातल्या) सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५० डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून प्राण्याची जात ठरवायची. पुढच्याच वर्षी कोस्टा रिकातलं एक फुलपाखरू गाजलं: एकच समजली जाणारी ती जात प्रत्यक्षात किमान दहा जातींचा समूह आहे, असा निष्कर्ष निघाला. पण तो नुसत्या बारकोडवर उभा नव्हता. सुरवंटांचे रंग कसे आणि ते कोणत्या झाडाची पानं खातात, याच्या कित्येक वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या. तरीही दहा या आकड्यावर पुढे वाद झालाच.

मुळात यंत्र ओळखत नाही, जुळवतं. समोरचा तुकडा आधी नावानिशी नोंदवलेल्या तुकड्यांच्या साठ्यातल्या कुठल्या तुकड्याशी मिळतो, एवढंच ते सांगतं. तिथे नाव लिहिलं कुणी? एखाद्या माणसानेच, कीटक भिंगाखाली धरून. त्याची चूक झाली असेल, तर तेच चुकीचं नाव पुढच्या प्रत्येक अभ्यासात उतरतं. मूळ नमुना जपलेला असेल आणि त्याचा क्रमांक नोंदीत असेल, तर निदान पुन्हा तपासता येतं. अनेक नोंदींमागे तसा नमुनाच नसतो. परिसंस्थेच्या अभ्यासात अशी नावं वापरण्यापूर्वी एवढी चौकशी व्हायलाच हवी. ती कंटाळवाणी असते, म्हणून टाळली जाते (अस्मादिकांनीही टाळली आहे).

लेखातल्या आलेखाबद्दलही थोडं. सापळ्यातले सगळे कीटक एकत्र कुटून डीएनए वाचला, की कुठल्या जातीचे तुकडे जास्त आले ते कळतं. म्हणून तिचे कीटकही तेवढेच जास्त, असं होत नाही. वाचण्याआधी डीएनएच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात; त्या प्रक्रियेत काही जातींचा डीएनए सहज वाढतो, काहींचा वाढतच नाही. शिवाय एक मोठा भुंगेरा कित्येक चिलटांना झाकून टाकतो. त्या आलेखाखाली ‘कीटकांची संख्या’ छापलं आहे, तिथे ‘तुकड्यांची संख्या’ हवं होतं.

यापुढे ‘इतक्या जाती सापडल्या’ अशी बातमी देताना त्यातल्या किती जातींना खरोखर नाव देता आलं, हाही आकडा शेजारी छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक