पंचगंगा चढायच्या आधी भरून ठेवायचं पाणी

पुणे, अक्षय्य तृतीया

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, "आपल्या गल्लीत पुराचं पाणी कधी आलंय का? मग हे पाणी भरून ठेवायचे कॅन कशाला?" असं तुम्ही फोनवर म्हणालात. पूर दारात येत नाही, हे खरं. पण नळाला पाणी येतं ते नदीकाठच्या मोटारींवर, आणि त्या गल्लीच्या उंचीला विचारत नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये बालिंगा-शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि सगळ्या कोल्हापूरचे नळ कोरडे पडले. सखल व्हीनस कॉर्नरला पुराचं पाणी आणि वरच्या पेठांत घागरी घेऊन टँकरची वाट.

आता काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन आलीय, हे तुमचं पुढचं वाक्य मला ठाऊक आहे. पण धरणाजवळच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपशाच्या विहिरीतून, पाणी वर चढवणारे पंपही विजेवरच चालतात. वाऱ्या-पावसात लाईन गेली की तिथलाही उपसा थांबला. शिवाय शिरोलीजवळ हायवे बंद झाला की दूध, सिलिंडर, पाण्याचे बॉक्स सगळंच अडकतं. म्हणून सात दिवसांचं पिण्याचं पाणी घरात हवं. तीन दिवसांचं पुरत नाही, कारण पूर ओसरला म्हणून लगेच नळ सुरू होत नाहीत. बुडालेल्या मोटारी काढून वाळवायच्या, पॅनेल तपासायचं, मग लाईन धुवायची, यात आणखी दोन-चार दिवस जातात.

हिशेब साधा आहे. पिणं, चहा, स्वयंपाक आणि दात घासणं धरून माणशी रोज 4 लिटर. तुम्ही दोघं, सात दिवस, म्हणजे 56 लिटर. मी 60 धरलेत. पूर म्हटलं की सखल भागातलं कुणीतरी आपल्याकडे मुक्कामाला येतंच, त्यांच्यासाठी एक लिटरच्या 12 बाटल्यांचा बॉक्स वेगळा घ्या. बाटलीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 14543 हा नंबर पाहायचा, आणि तारीखही. लग्नाकार्यात येतात तसले थंड पाण्याचे जार साठवायला घेऊ नका. त्यांची झाकणं सैल असतात आणि जार कुठे, कसा धुतला ते कळत नाही.

60 लिटर म्हणजे 20 चे तीन कॅन, असं मनात आलं असेल. ते नको. एक लिटर पाणी एक किलो भरतं. 20 किलोचा कॅन आईने मोरीपाशी वाकवायचा म्हणजे कमरेचं दुखणं विकत घेणं. 5 लिटरचे आठ आणि 10 लिटरचे दोन घ्या. लहान कॅनचा दुसरा फायदा असा की एक फुटला किंवा खराब झाला तरी बाकीचं पाणी शाबूत राहतं. बुडाशी त्रिकोणात 2 आकडा असलेला, अन्नासाठी चालणारा पांढरा जाड प्लास्टिकचा कॅन बघा. तोंड लहान हवं, हात आत जाणार नाही इतकं. निदान 10 लिटरच्या दोघांना तरी खाली तोटी हवी. घरी आणल्यावर ते भरून रात्रभर तोटीखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर वॉशर बदलायचा. ऐन पुरात दुकान उघडं नसतं, म्हणून ही परीक्षा आताच.

आई, तू तेलाचे रिकामे कॅन धुऊन ठेवतेस ते यासाठी नकोत. कितीही घासलं तरी तेलाचा थर प्लास्टिकला चिकटून राहतो, खवट होतो आणि पाण्याला वास मारतो. दुधाचे, ताकाचे डबेही नकोत, आणि फिनेल किंवा ॲसिडच्या डब्यांचं तर नावच काढू नकोस. घासून लख्ख केलेली तांब्याची कळशी रोजच्या पाण्याला ठेव, सहा महिन्यांच्या साठ्याला नको.

भरायची रीत अशी. कॅन आधी साबणाने धुऊन खळखळून घ्यायचा. मग एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा साधं ब्लीच (5-6 टक्क्यांचं, बिनवासाचं) घालून ते कॅनमध्ये ओतायचं, झाकण लावून सगळीकडे हलवायचं, झाकणाच्या आट्यांपर्यंत पोचेल असं. अर्ध्या मिनिटाने ओतून टाकायचं, स्वच्छ पाण्याने एकदा विसळायचं. आणि मग सकाळच्या नळाचं पाणी थेट भरायचं.

इथे बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. साठवायचं पाणी म्हणून आरओ मशीनचं भरू नका. नळाच्या पाण्यात महापालिकेने घातलेलं क्लोरीन थोडं शिल्लक असतं आणि तेच पुढे जंतू वाढू देत नाही. मशीनमधला कार्बन हेच क्लोरीन काढून घेतो. म्हणजे पाणी आज गोड लागतं, पण कॅनमध्ये ते अगदी निराधार होऊन बसतं. शिवाय वीज गेली की मशीन बंद, आणि एक लिटर गाळायला कित्येक लिटर मोरीत सोडतं ते वेगळंच. साठवलेलं पाणी बेचव लागलं तर एका पातेल्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा उंचावरून ओत. हवा मिसळली की चव येते.

नळाचं पाणी भरताना वेगळं औषध घालायची गरज नाही. बोअरचं किंवा विहिरीचं असेल तर मात्र घालायचं: स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला लिटरला 2 थेंब 5-6 टक्क्यांचं ब्लीच, म्हणजे 10 लिटरच्या कॅनला 20 थेंब. पाणी गढूळ असेल तर दुप्पट, पण आधी निवळू देऊन चारपदरी सुती कापडातून गाळून. अर्धा तास थांबून हुंगायचं. क्लोरीनचा हलका वास यायला हवा. नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा घालून आणखी पाव तास थांबा. तरीही वास नसेल तर ते पाणी भांड्यांना वापरा, पिऊ नका. ब्लीचची बाटली उघडून वर्ष झालं की तिचा जोर उतरतो, म्हणून दरवर्षी नवी घ्या. संडास धुण्याचं घट्ट, वासाचं ब्लीच यात चालत नाही. आशाताई मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) देऊन गेल्या तर ती बाटली वापरा, पण थेंब तिच्यावर छापलेत तेवढेच घाला, माझ्या हिशेबाने नाही. त्याची तीव्रता वेगळी असते.

कॅन गच्चीवर ठेवू नका. उजेडात आत हिरवं शेवाळ धरतं आणि उन्हाने प्लास्टिक लवकर खराब होतं. कोठीच्या खोलीत, जमिनीला टेकणार नाहीत असे दोन पाटांवर मांडा. रॉकेल, पेट्रोल, डासांचं औषध त्या खोलीत नको, कारण या वाफा प्लास्टिकमधून आत शिरतात आणि पाण्याला तोच वास येतो. माळ्यावरही नको. उतरवताना डोक्यावर पडेल आणि माळ्याच्या फळीचा भरवसा नाही. प्रत्येक कॅनवर कागदी टेप लावून भरल्याची तारीख लिहा.

दर सहा महिन्यांनी बदलायचं. बरोब्बर लक्षात राहील असं सांगते: अक्षय्य तृतीया आणि दिवाळी. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचं दान देतोच, त्याच दिवशी आपलेही कॅन भरायचे. पावसाळ्याला पुरेल असं पाणी आपसूक तयार राहतं. दिवाळीत पहिल्या आंघोळीसाठी बंब-घंगाळं घासून झाली की तेव्हा दुसऱ्यांदा. जुनं पाणी टाकून देऊ नका, झाडांना आणि लादी पुसायला घ्या.

आता पुराच्या दिवसांतलं. पाऊस किती पडला याकडे बघू नका, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका. 36 फुटांच्या आसपास गेली की वरची टाकी काठोकाठ भरून घ्या. 500 लिटरची ही टाकी वापराच्या पाण्यासाठी. माणशी रोज 15 लिटर धरलं तरी सात दिवसांत 210 लागतं, पण फ्लश ओढत राहिलात तर टाकी मध्येच खाली. फ्लशऐवजी भांडी धुतलेलं पाणी बादलीने ओता. आणि अंगणातल्या हौदावर पुराचं किंवा गटाराचं पाणी चढलं, तर बाबा, मोटार अजिबात सुरू करायची नाही. तसं केलं तर वरची चांगली टाकीसुद्धा नासते.

कॅनमधून पाणी घेताना पेला बुडवायचा नाही. तोटीवाल्यातून थेट, आणि बाकीच्यांतून देवघराजवळच्या माठात ओतून ओगराळ्याने. एकावेळी एकच कॅन उघडा, उघडलेला दोन-तीन दिवसांत संपवा.

एक चूक वडीलधाऱ्यांकडून हमखास होते: पाणी पुरवायचं म्हणून पिणंच कमी करणं. वयाबरोबर तहान कमी लागते, त्यात बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर अंगातलं पाणी लवकर उतरतं. बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला दिवसाचं काही प्रमाण बांधून दिलं असेल तर तेवढं पूर्ण प्या, कमी नको. काटकसर कपडे आणि फरशीत करा. ओआरएसची पाकिटं कॅनशेजारी डब्यात ठेवा. पाकिटावर छापलंय बरोबर तेवढ्याच पाण्यात एक पाकीट, कमी पाण्यात नाही.

साठा संपत आला आणि टँकरचं पाणी घ्यावंच लागलं, तर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळा आणि झाकून गार करा. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण जंतू त्याने मरतात असं समजू नका. पुराचं पाणी मात्र उकळूनही पिऊ नका. त्यात डिझेल, फवारणीची औषधं, गटार सगळं मिसळलेलं असतं आणि उकळण्याने रसायनं जात नाहीत.

नळ परत आले की पहिलं पाणी कॅनमध्ये भरायची घाई करू नका. लाईन रिकामी असताना आतला दाब जातो आणि गळक्या जोडांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. ते पाणी बादलीत धरून संडासाला वापरा. धार नितळ झाल्यावरही दोन-तीन दिवस उकळूनच प्या.

तुमची,
धाकटी

ता. क. पार्सलमध्ये औषधाचे दोन ड्रॉपर आणि तोटीचे चार वॉशर टाकलेत. दोन्ही ड्रॉपरना मी लाल दोरा बांधलाय. ते फक्त ब्लीचसाठी, कानाच्या औषधाला घेऊ नका.