सतीशला पत्र

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

प्रिय सतीश,
सप्रेम नमस्कार.

परवा किरणोत्सवाला अंबाबाईच्या देवळात होतो. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत आलं, आधी पायांवर, मग वर चढत गेलं. सूर्य, दार आणि मूर्ती एका रेषेत आली तरच हे घडतं, तेही वर्षातले मोजके दिवस. गर्दीत उभा राहून मला मात्र दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह आठवत होते. ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असेल तरच तो ताऱ्यासमोरून जाताना उजेड जरासा उतरतो. त्यालाच अधिक्रमण म्हणतात.

उतरतो म्हणजे किती? रात्री घरी सहा सेंटिमीटरचा गोल बल्ब लावला. धाकटीनं दोऱ्याला वाटाणा बांधून तो समोरून नेला. बल्ब म्हणजे सूर्य, वाटाणा म्हणजे गुरू. उजेड जेमतेम शंभरावा भाग कमी होतो, डोळ्यांना काही कळत नाही. पृथ्वी दाखवायची तर रव्याचा कण लागेल!

१९९९ साली डेव्हिड शार्बोनो या विद्यार्थ्यानं अवघ्या दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून एचडी २०९४५८ ताऱ्याचा उजेड उतरताना टिपला. सुमारे दीड टक्का, तीनेक तास. गुरूपेक्षा मोठा तो ग्रह साडेतीन दिवसांत फेरी मारतो. आपला गुरू बारा वर्षं घेतो रे! इतक्या जवळून फिरणारा ग्रहसुद्धा दहातला एखादाच रेषेत सापडतो. उरलेले नऊ असतात, पण समोरून जात नाहीत. ह्याची मला फार हुरहुर लागते.

बरं, उजेड उतरला म्हणजे ग्रहच असं नाही, जोडतारासुद्धा तसंच फसवतो. म्हणून ग्रहाच्या ओढीनं तारा किती डुलतो ते मोजतात, त्यावरून वस्तुमान कळतं. आपल्या माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीवरच्या 'पारस' उपकरणानं टीओआय-१७८९ या ताऱ्याचा ग्रह असाच पक्का केला, २०२१ साली. गुरूच्या १.४ पट मोठा, वजनाला मात्र गुरूहून हलका. ताऱ्याच्या धगीनं फुगलेला. ते वाचून ऊर भरून आला.

एचडी २०९४५८ महाअश्व तारकासमूहात आहे, भाद्रपदा नक्षत्रांच्या चौकोनाच्या पश्चिमेला. सध्या संध्याकाळी तो चौकोन डोक्यावर येतो. तुझी ती जुनी द्विनेत्री घेऊन शनिवारी ये. पन्हाळ्यावर जाऊ, आई भाकरी-पिठलं बांधून देते म्हणाली.

तुझा,
विनायक