आलापल्लीच्या पुढे पाण्याशी घाई नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

समृद्धी महामार्ग 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला, तेव्हापासून आमच्या वर्तकनगरातली बरीच मंडळी स्वतःच्या गाडीने गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकसा-भामरागडला जायचे बेत आखत आहेत. जरूर जावं, लोकबिरादरी प्रकल्प मुलांना दाखवावा. पण समृद्धीवरची घाई घेऊन त्या जंगलात शिरू नये, म्हणून हे लिहितो. मी तीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवली.

एका ऑगस्टात ठाण्याचंच एक कुटुंब घेऊन गेलो होतो. पेरमिलीच्या पुढे एका नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी चाललं होतं. चहाच्या रंगाचं, वर पालापाचोळा. फार तर पोटरीभर असेल असं वाटत होतं. मागच्या सीटवरून आवाज आला, "काढा हो हळूच." तेवढ्यात एक माडिया आदिवासी आजोबा आले. काही न बोलता पाण्याच्या कडेला त्यांनी एक दगड ठेवला आणि शेजारी उकिडवे बसले. पंधरा मिनिटांत दगड बुडाला. त्यांनी दुसरा ठेवला, दोन हात मागे. दोन्ही दगड उघडे पडायला साडेतीन तास लागले. मग ते काठीने चाचपत पुढे चालले आणि त्यांच्या मागून पहिल्या गिअरवर मी. रपट्याची डावी कड खचली होती, आख्खं चाक जाईल एवढी. गढूळ पाण्यात ती मला दिसलीच नसती.

फूटभर वाहतं पाणीही लहान गाडी कडेला लोटू शकतं. त्यामुळे पावसाळ्यात वाटेवरच्या आलापल्ली गावात थांबून भामरागडची एसटी पुढे जातेय का, एवढं विचाराच. ती थांबली असेल तर आपणही थांबावं. मुक्काम वाढला तर वाढू दे.

टाकी तिथेच भरा, स्टेपनीची हवा बघा, रोख पैसे ठेवा. पुढे फोनला रेंज मिळेलच असं नाही, नकाशा आधी उतरवून घ्या. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. हत्ती दिसला तर लांबच थांबा. हॉर्न नको, खाली उतरणं तर नकोच.

आणि मलेरिया. गडचिरोलीत फॅल्सिपेरम हा मलेरियाचा जिवावर बेतू शकणारा प्रकार आहे, तो अंगावर काढण्याचा ताप नव्हे. मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे न्याच. मला ताप आला तो ठाण्यात परतल्यावर बाराव्या दिवशी. इथे पहिल्यांदा डेंग्यूचाच संशय घेतला गेला. गडचिरोलीला जाऊन आलो, हे मी तिसऱ्या दिवशी बोललो, तेव्हा कुठे मलेरियासाठी रक्त तपासलं. ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. परतल्यावर महिनाभरात घरात कुणालाही ताप आला, तर डॉक्टरांना आधी प्रवासाचं सांगा.

आपला,
एक निवृत्त टुरिस्ट चालक,
वर्तकनगर, ठाणे