लाइमहाउस ते ब्रेंटफर्ड, भरतीच्या पाठीवरून

लंडन,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कालव्यासाठी बांधलेली बोट भरती-ओहोटीच्या नदीत नेण्याची उठाठेव कशासाठी, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. कालव्यानेही पूर्व लंडनमधल्या लाइमहाउसहून पश्चिमेच्या ब्रेंटफर्डला जाता येते, परंतु रीजंट्स कॅनॉलची बारा लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारी, दरवाजांची कुंडे) चढून, पॅडिंग्टनवरून पश्चिमेला वळून, शेवटी हॅनवेलची लॉक उतरेपर्यंत दोन दिवस मोडतात; टेम्सची भरती तेच काम साधारण तीन तासांत करून देते. शिवाय, खरे सांगायचे तर, टॉवर ब्रिजखालून जाण्याचा मोह काही आवरत नाही.

बोट माझी नव्हे, कचेरीतल्या एका सहकाऱ्याची. मी नुसता खलाशी. ती 57 फूट लांब आणि केवळ 6 फूट 10 इंच रुंद आहे, कारण इंग्लंडच्या बऱ्याच जुन्या कालव्यांची लॉक सात फूट रुंदीची असतात. तळ सपाट, पाण्याखाली जेमतेम दोन फूट. पाण्याबाहेर मात्र पोलादाची लांबच लांब भिंत, म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने कधीही न उतरवता येणारे शीडच. आदल्या दिवशी लाइमहाउसच्या बेसिनमध्ये, म्हणजे बोटी थांबण्याच्या तलावात, चहूबाजूंनी इमारती असूनही, नैर्ऋत्येच्या वाऱ्याने आम्हाला धक्क्याला लागू म्हणून दिले नाही. वेग कमी केला की सुकाणूवर पाण्याचा जोर पडत नाही, आणि वेग वाढवला की शेजारच्या नव्याकोऱ्या बोटीची काळजी. शेवटी दोर फेकून चौघांनी ओढून घेतले.

आम्ही सहा बोटी होतो. दिवस ठरला तो आमच्या सोयीने नव्हे, चंद्राच्या सोयीने. लंडन ब्रिजपाशी उधाणाला पाणी सात मीटरपर्यंत चढते-उतरते, म्हणून भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती निवडली. आपल्या गावी तिथी पाहून होड्या निघत, तसेच. ब्रेंटफर्डचे नदीकडचे लॉक पूर्ण भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढेच उघडते, तेव्हा निघण्याची वेळ त्यावरून उलटी मोजत यावी लागते. बोटींच्या जोड्या लावल्या होत्या आणि प्रत्येकीवर नांगर साखळीसकट मोकळा, हाताशी ठेवलेला. 45 फुटांवरील बोटीला इथे व्हीएचएफ रेडिओ लागतो. बंदर प्राधिकरणाच्या वाहतूक नियंत्रकांचे बोलणे चौदा नंबरच्या चॅनलवर सतत कानावर पडत होते.

लॉकचे दरवाजे उघडले आणि बोटीचे पुढचे टोक नदीत शिरताच प्रवाहाने ते उजवीकडे ढकलले, मागचा भाग मात्र अजून लॉकबाहेरच्या शांत पाण्यातच. इथे घाबरून वेग कमी करायचा नसतो, हे मला आदल्या रात्री तीनदा बजावले होते. टॉवर ब्रिजपासून वेस्टमिन्स्टरपर्यंतचा टप्पा सर्वांत वाईट. भरती पश्चिमेकडे चढत होती, वारा पश्चिमेकडूनच येत होता, आणि पाणी व वारा समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्यात प्रवासी कॅटमरानांच्या, म्हणजे जुळ्या सांगाड्याच्या वेगवान बोटींच्या, लाटा. त्या काठावर विरत नाहीत, कारण तिथे काठच नाही. एकोणिसाव्या शतकात बॅझलजेट या अभियंत्याने बांधलेल्या घाटाच्या सरळ भिंतीवर आपटून त्या परत येतात आणि तुम्हाला दुसऱ्या बाजूने गाठतात. पुढच्या दाराच्या झरोक्यांवर चिकटपट्टी लावली होती म्हणून आत पाणी आले नाही. कपाटातल्या बशा मात्र गेल्या.

लॅम्बेथ ब्रिज मागे पडल्यावर आमचे इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. दोष आमचाच. डिझेलच्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ कालव्याच्या संथ पाण्यात कधी हललाच नव्हता. इथल्या हिंदकळ्यांनी तो उठला आणि फिल्टरमध्ये जाऊन बसला. मी फिल्टरची वाटी उघडली, तर आत काळी, जेलीसारखी लिबलिबीत घाण. त्या क्षणी मला वाटले होते की बाकीच्या पाच बोटी पुढे निघून जातील आणि आपण मागे राहू. तसे मुळीच झाले नाही. वाहते पाणी बंद बोटीलाही चालू बोटीइतकेच पुढे नेते. जोडीदार बोटीने वेग जरा उतरवला, तशी ती आमच्या कडेला आली आणि दोन मिनिटांत दोन्ही बोटी दोरांनी बांधल्या गेल्या. भीती होती ती जागच्या जागी उभ्या असलेल्या वस्तूंची: व्हॉक्सहॉल ब्रिजचा खांब आमच्याकडे आडवा चालत येत आहे असे वाटत होते. नांगर टाकावा लागला नाही, पण माझा हात त्यावरच होता.

(जाता जाता सांगतो: पुलाच्या कमानीची उंची दुरुस्तीमुळे कमी झाली असेल, तर तिथे गवताची पेंढी टांगण्याचा नियम इथे अजून आहे. रडारच्या जमान्यात पेंढी! मला ते फार आवडले.)

नवा फिल्टर बसवून पटनीला इंजिन सुरू झाले. पुढे वल्हेकऱ्यांना चुकवत, हॅमरस्मिथ, क्यू असे करत ब्रेंटफर्ड आले. तिथल्या लॉककडे जाणाऱ्या खाडीचे तोंड उजव्या हाताला. पण सरळ वळायला जावे तर भरती पुढे खेचून भिंतीवर घालते. म्हणून तोंड ओलांडून पुढे गेलो, रुंद जागेत बोट उलटी फिरवली, प्रवाहाकडे नाक करून इंजिन इतकेच चालवले की बोट जागच्या जागी राहावी, आणि मग नाक किंचित काठाकडे तिरके केले. बोट आडवी सरकत आपसूक तोंडाशी आली. दाभोळच्या तरीवरचा म्हातारा तांडेल धोपाव्याला जाताना होडी आधी भलतीकडेच का रोखतो, यावर आपण लहानपणी हसायचो, आठवते? तो नेमके हेच करत होता.

दिवाळीनंतर तू इकडे येणार म्हणतोस, तर जोडीदार बोटीवर एक जागा नक्की मिळेल. मात्र दिवाळी अमावास्येची, म्हणजे ऐन उधाण; तेव्हा तिकीट कार्तिक शुद्ध अष्टमीच्या सुमाराचे काढ, आणि काढण्याआधी मला कळव, म्हणजे मी भरतीचे कोष्टक पाहून ठेवतो. टाकी तोवर साफ झालेली असेल.

तुझा,
जुना सोबती