नाउरूचा फुटबॉल

संपादक महोदय,

पापुआ न्यू गिनीच्या रग्बी लीग संघासाठी ऑस्ट्रेलिया सरकार दहा वर्षांत ६० कोटी डॉलर देणार, या बातमीकडे आपल्याकडे ‘चीनला शह’ एवढ्याच नजरेने पाहिलं जातं. मी मुलाकडे जिलाँगला राहतो. इथल्या लोकांचा जीव वेगळ्याच खेळात, ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ फुटबॉलमध्ये अडकलेला! लंबगोल मैदान, अठरा-अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू हाताने फेकायचा नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. नातू अंगणात शिकवतो, माझं मनगट ठणकतं.

प्रशांत महासागरातल्या जेमतेम २१ चौरस किलोमीटरच्या नाउरू या बेट-देशाचा हा राष्ट्रीय खेळ आहे, आणि तिथे तो सरकारी पैशाने रुजलेला नाही. १९३०च्या दशकात जिलाँग परिसरात शिकायला आलेली तिथली पोरं तो घरी घेऊन गेली. इथेच शिकलेले हॅमर डीरोबर्ट १९६८मध्ये स्वतंत्र नाउरूचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. तिथल्या लिंकबेल्ट मैदानावर हिरवळ नाही, फॉस्फेटची धूळ आहे. ज्या फॉस्फेटसाठी परक्यांनी बेट पोखरलं, त्याच्याच धुळीत पोरं उड्या मारून चेंडू झेलतात.

खुद्द पापुआ न्यू गिनीनेही या खेळाचा आंतरराष्ट्रीय चषक २००८, २०१४ आणि २०१७ साली जिंकला. त्या देशाच्या राजधानीत, पोर्ट मोर्सबीत जन्मलेला माल मायकल या खेळाच्या ऑस्ट्रेलियातल्या मुख्य स्पर्धेत ब्रिस्बेन संघाकडून सलग तीन विजेतेपदांत खेळला. याची दखल किती मराठी दैनिकांनी घेतली?

युरोपातल्या खेळाडूंच्या खरेदी-विक्रीला आपल्या क्रीडापानावर मोठी जागा मिळते. त्यातला एखादा रकाना या बेटांना द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, जिलाँग (ऑस्ट्रेलिया)